नारूचा पान्हा

ठमाबाईने पाय मांडीवर घेतला की त्या पायाच्या धन्याने तोंड मिटून बसायचं, असा कायदाच होता. कोणी कण्हलं, कोणी "हलू गो बाय" म्हणालं, की ती मान वर न करता सुनवायची, "पाय तुजा आसंल, नारू माजा हाय. गप ऱ्हा." आणि चौलपासून नागावपर्यंतची माणसं गप राहत. रावजी खोतापुढे अख्खी पाखाडी वाकून बोलायची, पण तोही ठमाबाईपुढे धोतर गुडघ्यापर्यंत ओढून शाळेतल्या पोरासारखा बसलेला लोकांनी पाहिला होता.

नारू आज कोणी पाहिलेला नसणार, आणि नाही पाहिला तेच बरं. एकोणीसशे तीसच्या आसपास मात्र चैत्र-वैशाख आले की पाखाडीत घरटी एक तरी माणूस लंगडत असे. आधी पायावर फोड यायचा. आग अशी व्हायची की मोठमोठे गडी आईच्या नावाने ओरडत. मग फोड फुटायचा आणि आतून शेवईसारख्या पांढऱ्या जंताचं टोक डोकवायचं. बाहेर निघाला की चांगला दोन हात भरायचा. ओढून काढायला गेलं आणि तो आत तुटला, तर माणूस जगे, पाय जात असे. म्हणून ते टोक काडीवर गुंडाळायचं, रोज थोडं थोडं, जिवाला घाई न लावता. ठमाबाई एरवी वाडीत सुपाऱ्या सोलायला जाई. तिची बोटं सुपारीवर चालत तितकीच नारूवर चालत. तिच्या हातून नारू तुटलाय, असं कोणी पाहिलं नव्हतं.

पण नुसत्या काडीने नारू निघतो असं समजू नका. तिच्या कामाचा दुसरा अर्धा भाग पोखरणीवर होता. पोखरण म्हणजे पाखाडीच्या मधोमध असलेली पायऱ्यांची चिरेबंदी विहीर. दोन उंच भिंतींमधून खाली उतरायची वाट, इतकी अरुंद की डोक्यावर हंडा घेतलेली बाई वर येताना दिसली तर खालीवर थांबून राहावं लागे. सगळी पाखाडी तेच पाणी प्यायची. ठमाबाई आपल्या रोग्याला तिथे खाली न्यायची, शेवटच्या पायरीवर बसवायची आणि त्याचा पेटलेला पाय पाण्यात सोडायला लावायची. थंड पाणी लागलं की रोग्याचा जीव निवायचा. आणि जरा वेळाने नारूच्या टोकातून दुधासारखं पांढरं काहीतरी सुटायचं आणि पाण्यात पसरत जायचं.

ठमाबाई त्याला पान्हा म्हणायची. गाय पान्हवली की सड सैल पडतात, तसा नारू पान्हवला की सैल पडतो आणि काडीवर मुकाट येतो. हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. "आला, आला पान्हा!" असं ती ओरडली की पलीकडे हंडे भरणाऱ्या बायकासुद्धा हसायच्या. विष पाण्यात गेलं, माणूस मोकळा झाला, असं सगळ्यांना वाटे. ठमाबाई तर स्वतःचा हंडाही त्याच कोपऱ्यात बुडवायची. इतक्या जणांना गुण आलेलं पाणी, ते आपल्या घरात नको? तिची एकुलती एक मुलगी सोनाबाई त्या गुणाच्या पाण्यावरच वाढली.

आता गंमत अशी की नारूने सगळ्यांत जास्त छळलं ते ठमाबाईच्याच घराला. नवरा जिवंत होता तोवर त्याला दर दोन वर्षांनी नारू. तिला स्वतःला दोनदा झालेला. लोक म्हणायचे, ठमा दुसऱ्यांचा नारू काढते, म्हणून तो तिच्या घरावर डूख धरतो. हे ऐकलं की ठमाबाई नुसता एक सुस्कारा टाकायची, पण आतून तिला बरं वाटायचं. दुखणं कोणालाच नको असतं, मोठेपणा मात्र सगळ्यांना हवा असतो.

एकाच नारूचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. सोनाचं लग्न माघात झालं, पोयनाडकडच्या एका भातशेतीवाल्या घरात. लगेचच्या वैशाखात तिच्या गुडघ्याच्या खोबणीत नारू निघाला. सासूने तो बोटांत धरून ओढला आणि तो तुटला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला, महिनाभर पू वाहिला आणि पाय काठीसारखा ताठ झाला तो झालाच. लावणीला न वाकणारी सून त्यांना नको होती. त्यांनी तिला बैलगाडीत घालून आईच्या अंगणात आणून सोडली. तेव्हापासून सोना ओटीवर बसून नारळाच्या हिरांचे खराटे बांधायची, पाय समोर लांब ठेवून. ओटीवर येणाऱ्याची वाटच अडायची. पण कोणाचा आडवा पाय ओलांडायचा नाही, एवढी रीत पाखाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. लोक अंगणातून वळसा घालून यायचे. पोखरणीच्या पायऱ्या तर सोनाने नऊ-दहा वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

"त्या घराच्या पान्यालाच खोड हाय," ठमाबाई भेटेल त्याला सांगायची. "माज्या घरात हुती तवर पोरीच्या पायाला काटा बी टोचला न्हाय. आनि ती म्हातारी! हात झडोत तिचे."

आणि अशाच एका वैशाखात अलिबागहून सायकलवर एक डॉक्टर आला. नाव सिराजुद्दीन, मुरुडकडचा, मुंबईला शिकलेला, आणि एवढं शिकूनही माणसासारखं बोलणारा. मागे कॅरियरवर लाकडी पेटी बांधलेली. देवी टोचायला गावोगाव फिरताना त्याने ठमाबाईचं नाव ऐकलं होतं. ठमाबाईला वाटलं, हा आता आपल्याला दम भरणार. तिने पदर खोचून तयारी ठेवली. पण तो सरळ अंगणात मांडी घालून बसला आणि येसाजी भंडाऱ्याच्या घोट्यातला नारू ती कसा गुंडाळते ते बघत राहिला.

"बाई," तो म्हणाला, "हात फार हलका आहे तुमचा. मला हे शिकवाल का?"

ठमाबाईने त्याच्यापुढे सुपारीची खांडं ठेवली. येसाजी माडावर चढून ताडी काढणारा, आठ दिवस जमिनीवर बसून कंटाळलेला, तो म्हणाला, "वयनी, आता तू अलिबागला जानार. आमचे पाय कोन बगनार?"

डॉक्टर हसला. मग त्याने सहज विचारावं तसं विचारलं, "फकरुद्दीन शेठच्या वाडीतली माणसं तुमच्याकडे येतात का हो नारू काढायला?"

"त्यांना व्हतच न्हाय."

"का बरं?"

"नारू बी मानूस ओलखतो," ठमाबाई म्हणाली आणि येसाजी खो खो हसला.

"त्यांची विहीर रहाटाची ना? पायऱ्या नाहीत?"

"न्हाय. पन त्याचा हितं काय संबंध?"

ऊन जरा कलल्यावर ठमाबाईने येसाजीला उठवलं आणि डॉक्टरला म्हणाली, "चला, आता खरी गंमत दावते." तिला त्याला पान्हा दाखवायचा होता.

येसाजीने शेवटच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडला. समोरच्या कोपऱ्यात पाखाडीतली सगुणा हंडा बुडवत होती. थोड्या वेळाने घोट्यापाशी पाणी पांढुरकं झालं. "आला बगा पान्हा!" ठमाबाईने अभिमानाने मागे वळून पाहिलं. डॉक्टरचा चेहरा उतरला होता. तो दोन पायऱ्या एकदम उतरला आणि ओरडला, "पाय बाहेर काढा! अहो बाई, तो हंडा ओतून टाका आधी!"

सगुणा घाबरून हंडा तसाच टाकून वर पळाली. येसाजी पाय हातात धरून बसला. आपलं काय चुकलं हे कोणालाच कळेना. ठमाबाईला मात्र अपमान कळला. तिच्या पोखरणीवर, तिच्या रोग्यावर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता.

"काय झालं डाक्तर? शिवलं काय आमी तुमाला?"

डॉक्टरने माफी मागितली. मग पेटी उघडली. पोखरणीच्या कठड्यावर, उन्हाला तोंड करून त्याने पितळेचं एक यंत्र मांडलं. पोरं त्याला उलटी दुर्बीण म्हणू लागली. येसाजीच्या घोट्यापासचं पाणी त्याने काचेवर थेंबभर घेतलं आणि ठमाबाईला म्हणाला, "एक डोळा मिटा आणि बघा."

आधी तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग उजेडाचं एक वाटोळं आलं. आणि त्या वाटोळ्यात काहीतरी वळवळत होतं. एक नाही, दोन नाही. सगळं वाटोळं त्याने भरलं होतं. बारीक शेपटीचे जिवंत दोरे वेटोळी घालत होते, सुटत होते, पुन्हा घालत होते. ठमाबाईने झटकन मान मागे घेतली. काचेवर पाण्याचा साधा थेंब होता. तिने पुन्हा डोळा लावला. ते तिथेच होते.

"ह्ये काय हाय?"

"नारूची पिल्लं."

"पान्हा हाय तो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "त्यो पान्हा हाय."

"नाही, बाई. नारू ही मादी असते. तिच्या सबंध अंगात पिल्लंच भरलेली असतात. पाणी लागायची ती वाट बघते, म्हणून तर पायात आग करते. तुम्ही पाय पाण्यात सोडला की ती विते."

मग त्याने पोखरणीचं पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरलं. पाण्यात पांढरे ठिपके उड्या मारत होते. ते ठमाबाईने जन्मभर पाहिले होते आणि धूळ समजून प्याली होती. ही पाण्यातली पिसू, डॉक्टर सांगत होता. ही त्या पिल्लांना खाते, आणि पिसूला आपण पितो. फकरुद्दीन शेठच्या विहिरीत कोणी पाय बुडवत नाही, म्हणून तिथली पिसू रिकामी. इथली भरलेली.

ठमाबाई कठड्याला धरून उभी राहिली. पाखाडीतल्या निम्म्या पोरांची नाळ तिच्या सासूने कापली होती. सुईणपण म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. कळा कधी येतात, गरम पाणी कधी, थंड पाणी कधी, सगळं ठाऊक. आणि इतकी वर्षं आपण त्या किड्याचं बाळंतपण करत होतो? त्याला हाताला धरून पाण्यावर आणत होतो, आणि वर "आला, आला" म्हणून हसत होतो? तरी हार मानायची तिची रीत नव्हती.

"मंग आमी सगली आजच आडवी का पडत न्हाय? रोज तर पितो ह्ये पानी."

"फार चांगलं विचारलंत," डॉक्टर म्हणाला. बिचारा खूश झाला होता. "पोटात गेलेलं पिल्लू वाढायला एक वर्ष घेतं. म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. या वैशाखात जो नारू निघतो ना, तो गेल्या वैशाखात प्यालेल्या पाण्याचा असतो."

त्या बोलण्यात काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. ठमाबाईला एका क्षणात कळलं. माघात लग्न. वैशाखात नारू. मग त्याच्या आदल्या वैशाखात सोना कुठे होती? इथे. आईच्या घरी. आईने गुणाच्या कोपऱ्यातून भरून आणलेला हंडा, त्यातला तांब्या, तो आईनेच तिच्या हातात दिलेला. सासरच्या पाण्याचा काही दोष नव्हता. नारू माहेरून आंदण गेला होता.

डॉक्टर बोलतच होता: कोणी खाली उतरू नका, वरून दोरीने पाणी काढा, दुहेरी फडक्यातून गाळून घ्या, दुसरं काही औषध नको. "माझं कोण ऐकणार?" तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तर सगळी पाखाडी ऐकेल."

"मी काय बी सांगनार न्हाय," ठमाबाई म्हणाली आणि घराकडे निघाली.

पाखाडीला सांगायचं म्हणजे सोनाला सांगायचं. तिला दुसरी भीती नव्हती. लोक हसले असते, रावजी खोताने नाक मुरडलं असतं, ते तिने एका शिवीत निभावलं असतं. पण ओटीवर पाय लांब करून बसलेली ती पोर, जिचं सगळं आयुष्य त्या पायाबरोबर ताठ होऊन बसलं, तिला कळलं तर? जगात तिच्यापाशी आई सोडून दुसरं कोणीही नव्हतं.

इकडे पोखरणीवर येसाजीने डॉक्टरची परीक्षा घेतली. दुर्बिणीत डोळा घालून त्याने किडे पाहिले आणि निकाल दिला की किडे काचेतच आहेत. डॉक्टरने रहाटाच्या विहिरीचं पाणी आणून दाखवलं, त्यात काही नव्हतं. "बगा! दावायचे तवा दावतात, न्हाय तवा न्हाय," येसाजी म्हणाला आणि लोकांना ते पटलं. डॉक्टर पुन्हा येईन म्हणून सायकलवर बसून गेला. पाखाडी ठमाबाई काय म्हणते याची वाट बघत राहिली आणि ठमाबाई काहीच म्हणाली नाही.

ती नारू गुंडाळायची, पण रोग्याला पोखरणीवर न्यायची नाही. "आज न्हाय," एवढंच म्हणायची. रोगी काय, वाट त्यांच्या पायाखालची होती. ते आपले आपण जायचे. एकदा ती कोनाड्यात दिवा पुसत असताना पोखरणीकडून येसाजीची हाळी आली, "आला, आला पान्हा!" आणि पाठोपाठ बायकांचं हसणं. तिचेच शब्द. ठमाबाईने पुसलेला दिवा पुन्हा पुसायला घेतला. सोनाने खराट्यावरून मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

घरातलं पाणी ती आता जुन्या लुगड्याच्या घडीतून गाळायची, सोनाची पाठ असेल तेव्हा. स्वतः मात्र तांब्या तोंडाशी नेऊन बहुतेकदा तसाच खाली ठेवायची. तांब्यात तिला ते वाटोळं दिसायचं. ओठ फुटले, डोळे खोल गेले. "त्वांडाला चव न्हाय," ती सोनाला सांगायची.

आणि मग, वैशाख सरता सरता, तिच्या उजव्या पावलावर फोड आला.

दोनदा भोगलेलं दुखणं होतं, तरी या वेळची आग तिला नवी वाटली, कारण या वेळी उतारा नव्हता. पाऊल निखाऱ्यावर धरल्यासारखं पेटलं होतं. ती ओटीवरून उठायची, अंगणात जायची, परत यायची. दुसऱ्या दिवशी दुपारी सोना म्हणाली, "आये, चल. मी धरते तुना. पोखरनीवर पाय सोड."

"नको."

"मंग मी येते खालपर्यंत. बसत बसत उतरंन."

जी पायरी तिने नऊ-दहा वर्षं पाहिली नाही, ती बसत बसत उतरायला निघाली होती. ठमाबाईला ते सोसलं नाही. ती एकटीच लंगडत पोखरणीपर्यंत गेली. वरच्या पायरीवरून तिला पाणी दिसलं, काळं, गार, अगदी आपलं. भर दुपारी तिथे चिटपाखरू नव्हतं. एकदा पाय बुडवला तर कोणाला कळणार होतं? आगीने तिचा दम कोंडला होता. ती दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. पायातली ती मादी पाण्यासाठी तिला ओढत होती, हे तिला आता ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यानेच ती थबकली. पाण्याच्या काठाला सगुणाची विसरलेली चुंबळ पडली होती. ठमाबाईने त्या चुंबळीकडे पाहिलं आणि भिंतीला धरून परत फिरली.

ओटीपाशी येऊन ती खाली बसली, ती सोनाच्या पायाशीच.

"का परत आलीस?" सोनाने विचारलं.

मग ठमाबाईने सांगितलं. पदर तोंडावर घेऊन, अडखळत, मध्येच स्वतःला शिव्या घालत. पिल्लं, पिसू, वर्षाचा हिशेब, गुणाचा कोपरा. "तुजा पाय त्या म्हातारीनं न्हाय मोडला, सोना. मी मोडला. तांब्या माज्या हातचा हुता."

सोना हिरांची जुडी बांधत होती. तिने गाठ पुरती मारली.

"ठाव हाय मना," ती म्हणाली.

ठमाबाईने पदर काढला. "कवापास्नं?"

"येसूकाका हसत हसत सांगत व्हता, डाक्तर म्हनतो वरसाआदी प्यालेलं पानी बादतं. समदी हसली. मना हसू आलं न्हाय."

"मंग बोलली का न्हायस?"

"काय बोलू? लय राग आलता तुजा. तुज्या त्वांडाकडं बगवत न्हवतं. वाटलं, हा खराटा घ्यावा आनि..." सोना थांबली. तिचे डोळे भरले होते पण आवाज कोरडा होता. "मंग बगितलं, तू पानी प्यायची बंद झालीस. लुगड्यातनं चोरून गालतीस आनि मनाच देतीस, आपुन पीत न्हाईस. बोलले असते तर जेवान बी सोडलं असतंस." नवी जुडी ओढून घेत ती म्हणाली, "त्या म्हातारीला किती शिव्या घातल्यास गो आये. ती माजा पाय धरून रडली व्हती, त्ये मी तुना कदी सांगितलंच न्हाय."

ठमाबाई रडली, अगदी आवाज काढून रडली. सोनाने तिला रडू दिलं.

मग सोना भिंतीला धरून उठली, घंगाळात पाणी ओतलं आणि आईपुढे सरकवलं. ठमाबाईने पाऊल त्यात ठेवलं. आग निवली. थोड्या वेळाने पाणी पांढुरकं झालं आणि दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"ह्योच काय पान्हा?"

"पिलं हायेत ती," ठमाबाई म्हणाली. पान्हा हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा कधी निघाला नाही.

सोनाने ते घंगाळ ओढत ओढत अंगणाच्या मध्यावर नेलं आणि तापलेल्या जमिनीवर उपडं केलं. पाणी जिरलं, ओल उडून गेली, आणि तरीही ती उन्हात उभी राहून त्या जागेकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या सुमाराला पाखाडीने एक नवल पाहिलं. पोखरणीच्या वरच्या पायरीवर, दोन भिंतींच्या मधोमध, मायलेकी बसल्या होत्या. ठमाबाईच्या पावलाला फडकं बांधलेलं, शेजारी दोरी लावलेली कळशी. हंडे घेऊन बायका आल्या, लंगडत रोगी आले, गर्दी झाली. ठमाबाईने कोणाला बोलू दिलं नाही.

"खाली कोनी उतरायचं न्हाय," ती म्हणाली. "डाक्तर बोलला त्ये खरं हाय. मी माज्या डोल्यांनी बगितलं आनि गप बसले. तुमच्या घराघरात नारू मी घातला, या पान्यातनं. माज्या सोनाचा पाय बी मीच मोडला. आता शिव्या घालायच्या त्या घाला, पन वरनं पानी काडा आनि गालून प्या."

कोणी शिवी घातली नाही. रावजी खोत डोक्यावरची टोपी सारखी करत राहिला. सगुणाने हळूच आपल्या हंड्यात वाकून पाहिलं.

एवढ्यात गर्दी सारत येसाजी पुढे आला. त्याचा घोटा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं. दुखणारा माणूस कोणाचं ऐकत नाही. "वयनी, तुजं त्ये काय आसंल त्ये ऱ्हाऊंदे. जीव चाललाय माजा. वाट सोड."

ठमाबाई उठायला लागली. पण तिच्या आधी सोनाने आपला ताठ पाय उचलला आणि पायरीवर आडवा ठेवला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत वाट तेवढीच होती, आणि पायही तेवढाच.

येसाजी त्या पायापाशी येऊन उभा राहिला. खाली, पायऱ्यांच्या टोकाशी, पाणी दिसत होतं. त्याने एक पाऊल उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"सोने, पाय काड गो," तो काकुळतीने म्हणाला. "निदान वाकव तरी."

"तो वाकत न्हाय, काका," सोना म्हणाली.